ड्रेपवरचे ३५० मिलि : रात्रपाळीतल्या एका बाळंतपणाचं प्रकरण

बाळंतीण दगावली की चौकशी बसते. केसपेपरच्या झेरॉक्स निघतात, रजिस्टरं मागवली जातात, कोण किती वाजता कुठे होतं हे समितीपुढे सांगावं लागतं. बाळंतीण वाचली की मात्र 'रेफर्ड' असा शेरा मारून पेपर गठ्ठ्यात जातो. मरता मरता वाचलेल्या मातांच्या प्रकरणांचाही आढावा घ्यावा, अशा सूचना केंद्र सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये काढल्या होत्या. आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी असा आढावा घेतलेला मी तरी पाहिला नाही. म्हणून लेबर रूमच्या आम्ही नर्सेसच एका दुपारी केसपेपर समोर ठेवून बसलो आणि त्या रात्रीचं मिनिटामिनिटाचं टिपण केलं. ते टिपण खाली आहे, मधूनमधून माझी मतंही आहेत. रुग्णालय आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

पेशंट

जानेवारी २०२५. गाळप हंगाम जोरात. सीमाभागातलं ग्रामीण रुग्णालय. सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो आणि रात्री तो मिळेलच असं नाही. ब्लड बँक नाही, ब्लड स्टोरेज युनिट आहे. कोल्हापूर गाठायला ॲम्ब्युलन्सला दीड तास, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असल्या तर त्याहून जास्त.

नाईटला आम्ही दोघी स्टाफ नर्स आणि एक मावशी. लेबर रूम आणि बाळंतिणींचा वॉर्ड दोन्ही आमच्याकडे. एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, एकच, कॅज्युअल्टीही त्यांचीच.

रात्री १०:५० ला मुकादमाच्या जीपमधून पेशंट आली. वय २५, तिसरं बाळंतपण, आधीची दोन्ही नॉर्मल. बीड जिल्ह्यातून आलेल्या ऊसतोड टोळीतली. बरोबर नवरा आणि थोरली जाऊ. माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं तर जाऊ म्हणाली, "कार्ड हाय की, पर गावाकडं पेटीत राहिलंय." म्हणजे लोहाच्या गोळ्या किती पोटात गेल्या, सोनोग्राफी झाली का, आधीच्या खेपेला जास्त अंगावर गेलं होतं का, यातलं काहीच कागदावर नाही. सकाळपर्यंत ही बाई मोळ्या वाहत होती. ज्यांना टोळीचा हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्यातला एक माणूस फडावर आला नाही तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, आणि तो हंगामाआधी घेतलेल्या उचलीच्या, म्हणजे आगाऊ पैशांच्या, हिशोबात चढतो. कळा सुरू होईपर्यंत काम करणं हा त्या बाईचा हट्ट नव्हता.

वजन ४४ किलो. बीपी ११२/७०, नाडी ९६. लघवीत अल्ब्युमिन नाही. बाळाचे ठोके १४० च्या आसपास. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंमी उघडलेलं. हिमोग्लोबिन ८.२.

७ ते ९.९ म्हणजे कागदावर 'मध्यम' रक्तक्षय. हा 'मध्यम' शब्द मला कधीच पटलेला नाही. ४४ किलोच्या आणि ८.२ च्या बाईचं अर्धा लिटर रक्त जाणं आणि ६० किलोच्या, ११.५ च्या बाईचं तेवढंच जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसरी बाई उठून चहा मागते. पहिली गप्प होते.

हिला तेव्हाच पुढे पाठवायला हवं होतं का, हा प्रश्न नंतर विचारला गेला. तिसरं बाळंतपण, ५ सेंमी, दीड तासाचा रस्ता. गाडीत बाळंत झाली असती. एमओंनी ठेवून घ्यायचं ठरवलं, ते मला तेव्हाही बरोबर वाटलं, आजही वाटतं. फक्त ठेवून घेतल्यावर ती रक्तस्रावाची पेशंट आहे असं धरूनच तयारी करायची. हिरवी इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची जाड सुई, लावली. गुलाबी लावायला सोपी जाते, पण घाईच्या वेळी तिच्यातून सलाईन पळत नाही. रक्तगट आणि क्रॉसमॅचला नमुना पाठवला. बी पॉझिटिव्ह निघाला आणि स्टोरेजला बी पॉझिटिव्हची एकच पिशवी होती. दम्याचा त्रास आहे का, हे जावेला आणि पेशंटला दोघींना विचारून पेपरवर 'दमा नाही' असं लिहिलं. त्या एका ओळीचा उपयोग पुढे झाला.

आणि ड्रेप काढून ठेवला.

ड्रेपबद्दल थोडं

ड्रेप म्हणजे प्लॅस्टिकचं कापड, खाली निमुळती होत गेलेली पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचा. रक्त पिशवीत उतरतं आणि आकडा समोर दिसतो. याचा एक मोठा अध्याय आमच्या शेजारी बेळगाव जिल्ह्यात लिहिला गेला. २००२ ते २००५ या काळात तिथल्या खेड्यांत, एएनएमनी (गावपातळीवरच्या नर्सेसनी) केलेल्या बाळंतपणांत गर्भपिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी झाली. १,६२० बायका, आणि प्रत्येकीचं रक्त ड्रेपमध्ये मोजलेलं. गोळ्या दिलेल्यांत पीपीएचचं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं, प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. गोळी जगभर गेली. पण माझ्या लेखी तितकीच मोठी गोष्ट म्हणजे खेड्यातल्या एएनएमनी घरच्या बाळंतपणात रक्त मोजून दाखवलं. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका तुलनेत नजरेचा अंदाज ड्रेपपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी भरला होता.

नजर फसते ती दुर्लक्ष केल्यामुळे नव्हे. रक्त तुकड्यातुकड्यांनी दिसतं: थोडं चादरीवर, थोडं पॅडवर, थोडं किडनी ट्रेमध्ये, थोडं टेबलाखालच्या बादलीत पाण्यात मिसळलेलं. शिवाय एकीने चादर बदलली आणि दुसरीने पॅड, तर दोघींनाही 'जरासंच' दिसतं.

ड्रेप सरकवण्याची वेळ महत्त्वाची आहे. बाळ बाहेर आलं, मागचं पाणी ओसरलं, की मग. आधी लावला तर गर्भजलही रक्तात मोजलं जातं आणि मग कोणाचाच आकड्यावर विश्वास राहत नाही. आमच्याकडे 'ड्रेप खोटं दाखवतो' अशी एक समजूत होती, तिचं मूळ एवढंच होतं.

१:५८ ते २:१२

१:५८ ला मुलगी झाली. २.६ किलो, लगेच रडली. पोटावर ठेवली, पुसली. दुसरं बाळ नाही याची खात्री करून पहिल्या मिनिटात पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत दिलं. नाळेचे ठोके थांबल्यावर चिमटा. २:०७ ला वार पडली. उलटीसुलटी करून पाहिली, पूर्ण होती. मायांगाला किरकोळ चीर, तिच्यातून रक्त नव्हतं.

गर्भपिशवी हाताला घट्ट लागली आणि पुन्हा सैल झाली. तिसरेपणाच्या पिशवीचं हे नेहमीचं आहे, थोडं चोळलं की आवळते. चोळलं, आवळली, हात काढला, सैल. दुसऱ्या खेपेला ती कणकेच्या गोळ्यासारखी बोटांखाली दबली, नाभीच्या वर सरकली.

मावशी बाळाचं दुपटं आणायला वळल्या होत्या, त्या थबकल्या. "सिस्टर, हिचं लई जातंय बगा."

पेशंट म्हणाली, "थंडी वाजायली." बस्स, एवढंच. दुखतंय नाही, चक्कर नाही. लेबर रूममध्ये बाळंतपणानंतर थोडी हुडहुडी पुष्कळ जणींना भरते, म्हणून त्या तक्रारीवर पांघरूण टाकून पुढे जायची सगळ्यांना सवय असते. इथे पांघरूण टाकलंच, पण नाडीही धरली. ११८. बीपी १०२/६४. नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा. नाडीला वरच्या बीपीने भागलं की शॉक इंडेक्स येतो, तो ०.९ च्या वर गेला की कान टवकारायचे. तिचा १.१५ च्या पुढे होता. दाखल होताना ०.८५ होता.

२:१२ ला ड्रेपवर ३५०.

आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं: ५०० मिलिच्या वर म्हणजे पीपीएच. म्हणजे तक्त्याप्रमाणे अजून १५० शिल्लक होते. या क्षणाबद्दल आम्ही टिपण करताना सगळ्यात जास्त वेळ बोललो, कारण अशा वेळी नर्सच्या मनात दोन हिशोब चालतात. एक शरीराचा: पूर्ण दिवसांच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर आणि त्याहून जास्त रक्त धावत असतं, वार सुटलेल्या जागेवरच्या उघड्या रक्तवाहिन्या पिशवीचे स्नायूच आवळून बंद करतात, दुसरं कोणी करत नाही, स्नायू सैल तर नळ उघडा. दुसरा हिशोब हुद्द्याचा: एमओंना न विचारता औषधं सुरू केली आणि रक्त आपोआप थांबलं, तर उद्या 'एवढी घाई कशाला?' हे ऐकायचं. दुसरा हिशोब पहिल्याला पाच-दहा मिनिटं सहज अडवून धरतो. मी तरी अनेक ठिकाणी तो अडवून धरताना पाहिलाय.

"पीपीएच!" असं मोठ्याने ओरडलं. हे ओरडणं ठरवून असावं लागतं. "जरा इकडे ये गं" म्हटलं की येणारी रमतगमत येते.

२:१२ ते २:३१

एमओ कॅज्युअल्टीत होते. उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला एक तरुण, टाके चालू. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "किती?" "साडेतीनशे, नाडी ११८, पिशवी सैल." "चालू करा, आलोच." तोंडी ऑर्डर, वेळ २:१३, मावशींना साक्षीला ठेवून पेपरवर लिहिली. अंदाजाऐवजी आकडा सांगितल्याने त्या फोनला अर्धं मिनिटही लागलं नाही. "जास्त जातंय सर" असं सांगितलं असतं तर उलटतपासणी झाली असती.

नंतरचं सगळं जवळजवळ एकाच वेळी झालं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासाने (२०२३) हेच दाखवलं: ड्रेपने लवकर ओळखायचं आणि मग उपचार एकामागून एक करत, वाट पाहत बसायचं नाही, तर सगळे गठ्ठ्याने द्यायचे. तिथे गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. आम्हाला हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर प्रशिक्षणात सांगितलेलं सगळंच रात्री दोनला आठवत नाही. यातलं आठवलं कारण पीपीएचचा डबा त्या क्रमाने भरलेला होता.

जोडीदारणीने दुसऱ्या हाताला आणखी एक हिरवी लावली. ५०० मिलि आरएल सलाईनमध्ये १० युनिट ऑक्सिटोसिन भरभर सोडलं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध) १ ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत. हे औषध बाळंतपणापासून तीन तासांच्या आत द्यायचं, आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो, म्हणून त्याला 'नंतर बघू' चालत नाही. मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम जिभेखाली. बीपी वाढलेलं नव्हतं म्हणून पिशवी आवळणारं आणखी एक औषध, मेथर्जिन, ०.२ मिग्रॅ दंडात. लघवीची नळी घातली तर ४०० मिलि लघवी निघाली. भरलेलं मूत्राशय पिशवीला वर ढकलतं आणि आवळू देत नाही. नळी घातल्यावर पिशवी खाली आली खरी, पण घट्ट झाली नाही.

२:२० ला ड्रेपवर ६००.

इथे ऑक्सिटोसिनची गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या मिनिटात दिलेली अँप्यूल डिलिव्हरी ट्रेमधली होती. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध आहे. ट्रेमध्ये संध्याकाळीच काढून ठेवलं की हाताशी राहतं, म्हणून सगळीकडे तशीच रीत पडते. उरलेल्या अँप्यूल पुन्हा फ्रीजमध्ये जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रेमध्ये. अशा किती फेऱ्या त्या अँप्यूलने केल्या होत्या, कोण सांगणार? ड्रिपमधलं औषध थेट फ्रीजमधलं होतं. पहिल्या डोसात दम नव्हता म्हणून पिशवी सैल राहिली, असं मी म्हणणार नाही. रक्तक्षय, तिसरेपण, दिवसभराची मेहनत, भरलेलं मूत्राशय, कारणं पुरेशी होती. पण ती शंका फेटाळताही येत नाही. ज्या औषधावर बाळंतपणाच्या पहिल्या मिनिटाची सगळी भिस्त, त्याची शंका उरणं मला मान्य नाही.

२:२२ ला दोन हातांनी पिशवी दाबायला घेतली. एक हात आत, मूठ करून पिशवीच्या पुढच्या बाजूला टेकवायची. दुसरा पोटावरून पिशवीच्या मागे घालून तिला मुठीवर दाबून धरायची. पुस्तकात चित्र आहे. चित्रात हे दिसत नाही की मिनिट-दोन मिनिटांत आतल्या हाताचं मनगट बधिर होतं, कोपरापर्यंत मुंग्या येतात, आणि तरीही दाब तसूभर कमी करायचा नसतो, कारण कमी केला की मुठीवरून कोमट धार सरकलेली लगेच कळते. पेशंटला हे फार दुखतं. तिला काय करतोय ते सांगत राहिलं. जाऊ तिच्या डोक्याशी उभी होती, तिला बाहेर काढलं नाही. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिचं माणूस असू द्यावं हे लेबर रूम सुधारण्याच्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने २०१७ पासून सांगितलेलंच आहे, पण इमर्जन्सी आली की पहिल्यांदा त्याच माणसाला बाहेर घालवतात. इथे जावेने सलाईनची बाटली धरली, सारख्या हाका मारत तिला जागं ठेवलं. उपयोगीच पडली.

जोडीदारणीने २:१९ ला १०८ ला फोन लावला होता. पुढे पाठवायचं की नाही हे तेव्हा ठरलं नव्हतं. आलेली गाडी परत पाठवता येते, न बोलावलेली गाडी दीड तास दूर असते.

या सगळ्यात दुसऱ्या टेबलावर एक पहिलटकरीण होती, ७ सेंमीवर. तिच्या बाळाचे ठोके अर्ध्या तासाने घ्यायचे असतात. तिच्या पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीच्या तक्त्यावर, १:४५ नंतरची नोंद थेट २:५० ची आहे. मधली जागा कोरी. नंतर ती भरायचा मोह होतो; भरली नाही. ती पहाटे व्यवस्थित बाळंत झाली, हे नशीब. त्या कोऱ्या जागेचं उत्तर मनुष्यबळाच्या तक्त्यात आहे, आमच्याकडे नाही.

२:३१ नंतर

एमओ आले तेव्हा ड्रेपवर ८५०. त्यांनी टॉर्चच्या उजेडात पिशवीचं तोंड आणि मार्ग तपासला. फाटलेलं काही नव्हतं. आतल्या गाठी काढल्या, वार पुन्हा पाहिली. पिशवी आवळणारं पण दम्याच्या पेशंटला न चालणारं कार्बोप्रोस्ट द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "दमा?" पेपरवर होतं. २५० मायक्रोग्रॅम दंडात. नाडी १३२, बीपी ८४/५०.

कंडोम टॅम्पोनाड ठरलं. बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी दोन दशकांपूर्वी रूढ केलेली ही युक्ती: फोलीज कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) टोकावर कंडोम चढवायचा, दोऱ्याने घट्ट बांधायचा, पिशवीत सरकवायचा आणि सलाईनने फुगवायचा. सामान कुटुंबनियोजनाच्या कपाटातलं, खर्च नगण्य. आमच्या डब्यात तो आधीच बांधून निर्जंतुक करून ठेवलेला नव्हता, त्या वेळी बांधावा लागला. ओल्या हातमोज्यांनी दोरा सुटतो, दोनदा सुटला. २:४४ ला आत गेला. २०० मिलि, ३००, ४००. चारशेवर धार थेंबांवर आली आणि २:५२ ला थेंबही थांबले. फुगा खाली घसरू नये म्हणून मार्गात गॉज भरलं.

ड्रेपवर १,१००. मावशींनी चादरी, पॅड आणि गॉज एका पिशवीत भरून बाळाच्या काट्यावर तोलले, कोरड्या कपड्यांचं वजन वजा केलं. एक ग्रॅमला एक मिलि धरून २४० निघाले. एकूण १,३४०.

बी पॉझिटिव्हची ती एकमेव पिशवी २:५५ ला लागली.

आता रक्त थांबलं होतं, बीपी ९४ वर आलं होतं. ठेवून घ्यायचं की पाठवायचं? एमओ आणि आम्ही दोन मिनिटं बोललो. फुगा सुटला तर पुढची पायरी शस्त्रक्रियेची, आणि ती इथे होणार नव्हती. दुसरी रक्ताची पिशवी नव्हती. पाठवायचं ठरलं. अँटी-शॉक गारमेंट, म्हणजे पायांपासून पोटापर्यंत आवळून बांधायची ती निळी विजार, रुग्णालयाकडे होती. पण भांडारात, कुलपात, आणि भांडार सकाळी नऊला उघडतं. ती न घालताच पेशंट गेली.

जाऊ दाराशी आली. "पिशवी काढाय लागंल का, बाई?" मी म्हटलं, लागू नये म्हणूनच तिकडे पाठवतोय. ती म्हणाली, "माझी काढलीया. अठ्ठावीसची व्हते." ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचं बीडचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, समिती बसली, अहवाल आला. मला ते वर्तमानपत्रात वाचलेलं माहीत होतं. तिच्या प्रश्नात भीती होती की विचारपूस, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. नवऱ्याची सही घेतली, आणि सहीच्या आधी त्याला काय झालंय ते पूर्ण सांगितलं. त्याने एकच विचारलं, पैसे किती. बाळंतिणीला सरकारी रुग्णालयात औषध, रक्त, गाडी, जेवण सगळं मोफत असतं, हे २०११ पासून आहे. तिसऱ्या खेपेला बाप होणाऱ्याला ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

३:२० ला १०८ निघाली. गाडीतल्या डॉक्टरांच्या हातात एका पानाची चिठ्ठी दिली: किती रक्त गेलं, कोणतं औषध किती वाजता, फुग्यात ४०० मिलि, लघवी किती, रक्ताची पिशवी कधी लागली. बाळ जावेच्या मांडीवर. तिकडच्या लेबर रूमला फोन करून तोच मजकूर वाचून दाखवला, म्हणजे गाडी पोहोचण्याआधी रक्त तयार राहील. राहिलं.

तिकडे आणि नंतर

मोठ्या रुग्णालयात आणखी दोन पिशव्या रक्त लागलं. फुगा दुसऱ्या दिवशी टप्प्याटप्प्याने रिकामा करून काढला. पोट उघडावं लागलं नाही. सुट्टीच्या वेळी हिमोग्लोबिन ८.४, आयर्न सुक्रोज (शिरेतून द्यायचं लोह) सुरू.

नंतर एका वरिष्ठांनी विचारलं की ३५० वर पीपीएच कसं काय जाहीर केलं, व्याख्या ५०० ची आहे. प्रश्न रागाने नव्हता, नियमाने होता. उत्तर म्हणून आम्ही नाडीचा आकडा दाखवला आणि ८.२ दाखवला. त्यांना पटलं असं म्हणवत नाही. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्याच बदलली: मोजलेलं रक्त ३०० मिलि आणि सोबत नाडी किंवा बीपी बिघडलेलं असेल, तर ५०० ची वाट न पाहता उपचार सुरू करा. भिंतीवरचा तक्ता आता तसा आहे. जुना उतरवताना त्यामागे चार वर्षांपूर्वीचा तिसराच एक तक्ता चिकटलेला निघाला.

एक प्रयोगही केला. त्या रात्री मोजून झालेल्या २४० मिलिच्या कपड्यांचा फोटो जोडीदारणीने काढला होता. तो सगळ्यांना दाखवून अंदाज विचारला. दोन डॉक्टरांनी १०० आणि १२०, चार नर्सेसनी ८० ते २००. मावशींनी, ज्या रात्री फोटोत नसलेली फरशीही पुसत होत्या, २५० सांगितले. तेव्हापासून मावशींनाही नाडी सोडून बाकी सगळ्या सरावात घेतो: त्यांनी ड्रेपचा आकडा मोठ्याने वाचायचा.

स्टँडिंग ऑर्डर लेखी करून घेतली: ३०० आणि बिघडलेली नाडी, किंवा ५००, की ड्युटीवरची नर्स मसाज, ऑक्सिटोसिन ड्रिप, ट्रॅनेक्झॅमिक, मिसोप्रोस्टॉल सुरू करेल आणि मग फोन करेल. सही मिळायला अपेक्षेपेक्षा वेळ लागला. 'नर्सने औषध सुरू करायचं' या वाक्यावर गाडी अडते. देशात २०१८ पासून नर्सेसना मिडवाइफरीचं दीड वर्षाचं स्वतंत्र प्रशिक्षण देऊन नॉर्मल बाळंतपण पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवायचं धोरण आहे, आणि तालुक्याच्या रात्रपाळीत प्रत्यक्षात ते नर्सच करत आल्या आहेत. कागदावर मात्र प्रत्येक अँप्यूलमागे एक ऑर्डर हवी. माझ्या मते या प्रकरणात जीव वाचला तो २:१२ आणि २:३१ यांच्या मधल्या वेळेत, आणि त्या वेळेत खोलीत डॉक्टर नव्हते. डॉक्टरांवर हा ठपका नाही. ते त्या मुलाचा पाय शिवत होते.

ऑक्सिटोसिनचा ट्रे बंद केला. एका बाळंतपणाला एक अँप्यूल, तोंड पूर्ण उघडल्यावर फ्रीजमधून काढायची, आइसपॅकच्या डब्यात ठेवायची. बाहेर राहिलेली परत फ्रीजमध्ये जात नाही. बांधलेला कंडोम-कॅथेटर निर्जंतुक पाकिटात डब्यात असतो. अँटी-शॉक गारमेंट लेबर रूममध्ये आलं, त्यासाठी भांडारपालाशी झालेला पत्रव्यवहार इथे देत नाही.

मनुष्यबळ तेवढंच आहे.

पेशंट सुट्टी होऊन थेट फडावर परत आली, कारण टोळी तिथेच होती आणि उचल फिटायची होती. मुकादमाने आमच्या जोडीदारणीला फोनवर विचारलं होतं, कामाला कधीपासून चालेल. तिने सहा आठवडे सांगितले. तो म्हणाला, तवर पट्टा पडतोय की, म्हणजे हंगामच संपतोय. सुक्रोजची उरलेली इंजेक्शनं जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायची व्यवस्था केली. ती दोनदाच पोहोचली. मार्चच्या अखेरीस टोळी गावी गेल्यावर तिकडच्या आशाताईंशी बोलणं झालं. हिमोग्लोबिन ९.१, बाळ अंगावर पितंय, वजन वाढतंय. पाळणा थांबवायचं ऑपरेशन रक्त दहाच्या वर गेल्यावर करायचं ठरलंय. नवं कार्ड तयार करून त्यावर 'मागील बाळंतपणात १,३४० मिलि रक्तस्राव, टॅम्पोनाड' असं लाल शाईत लिहायला सांगितलं, आणि ते कार्ड पेटीत न ठेवता तिने जवळ बाळगावं, हेही.